सुरा कुठे ठेवलास?

'सीआयडी' मालिकेतल्या भागाचा शेवट आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत प्रश्न टाकतात, दया एक सणसणीत कानाखाली वाजवतो आणि गुन्हेगार भडाभडा बोलायला लागतो. कुणाला मारलं, का मारलं, विष कुठून आणलं, सगळं. मग एसीपी झालेल्या शिवाजी साटमांच्या आवाजात फाशीचं भाकीत होतं आणि आपण जेवायला बसतो.

खऱ्या कोर्टात मात्र या प्रसंगाला कवडीचीही किंमत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ सांगतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. मारून घेतलेला जबाब तर बाद आहेच, पण चहा पाजून, पाठीवर हात ठेवून, आरोपीनं अगदी मनापासून रडत दिलेला जबाबही बाद. ऐकणारा हवालदार असो की पोलीस आयुक्त, फरक पडत नाही. एवढंच कशाला, कोठडीत असताना आरोपीनं भेटायला आलेल्या मित्राजवळ मन मोकळं केलं, तरी ते बोलणं कबुलीजबाब म्हणून चालत नाही; त्या क्षणी समोर दंडाधिकारी हजर असावा लागतो. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असून पुढील तपास सुरू आहे' हे वाक्य आपण पेपरात रोज वाचतो. त्यातला पहिला अर्धा भाग न्यायाधीशाच्या दृष्टीनं जवळजवळ शून्य आहे. खरा जीव आहे तो 'पुढील तपास' या दोन शब्दांत.

हा नियम आला कुठून? १८५५ साली मद्रास इलाख्यात एका चौकशी आयोगानं आपला अहवाल दिला. विषय होता सरकारी नोकरांकडून होणारा छळ. सारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे हात तेव्हा बरेचसे एकच होते, आणि दोन्ही कामांची रीतही एकच होती. लाकडी चिमट्यात बोटं दाबणारी 'किट्टी', माणसाला वाकवून त्याच अवस्थेत बांधून उन्हात ठेवण्याचा 'अनुंदाल', असे प्रकार त्या अहवालात नोंदलेले आहेत. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात पोलिसांपुढच्या कबुलीवर बंदी आली आणि १८७२ साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ती भारतीय पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ म्हणून बसवली. याच स्टीफननी एका जुन्या अधिकाऱ्याचं निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे. त्याचा मतितार्थ असा की छळाच्या मुळाशी क्रौर्यापेक्षा आळसच जास्त असतो. उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या तरी डोळ्यांत तिखट घालणं सोपं पडतं. दीडशे वर्षं होत आली, पण पोलीस तपासाबद्दल याहून नेमकं निदान माझ्या वाचनात नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी गंमत पुढच्या कलमात आहे, जुन्या कायद्याच्या २७ व्या. आता ते कलम २३ चं परंतुक झालं आहे, पण वकील आणि पोलीस अजूनही बोटं मोडतात ती 'सत्तावीस'च्याच नावानं. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या माहितीतला जेवढा भाग त्या गोष्टीशी थेट जोडलेला असेल तेवढाच कोर्टात सांगता येतो. थोडक्यात, न्यायाधीश हातात कात्री घेऊन बसतो. आरोपीचं वाक्य समोर ठेवतो, त्यातला एक तुकडा कापून ठेवून घेतो आणि उरलेलं खाली टाकून देतो.

ही कात्री कशी चालते ते पाहायला मुंबई बंदरातला एक खटला फार चांगला आहे. हाजी बंदरवरून फॉस्फरस पेंटॉक्साइड या रसायनाची तीन पिंपं चोरीला गेली. पोलिसांनी एकाला पकडलं. पंचांसमोर त्यानं सांगितलं त्याचा आशय असा होता: १ ऑगस्टला हाजी बंदरवरून मी नेलेली रसायनाची तीन पिंपं जिथे ठेवली आहेत ती जागा मी सांगतो. मग तो पोलिसांना आणि पंचांना घेऊन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका मुसाफिरखान्यात गेला. पिंपं तिथे होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि सत्तरच्या दशकात न्यायालयानं ते एकच वाक्य टेबलावर घेतलं. 'तीन पिंपं ठेवल्याची जागा मी सांगतो' एवढं ठेवलं. 'मी नेलेली', 'हाजी बंदरवरून', '१ ऑगस्टला' हे सगळं कापून टाकलं. का? तर पिंपं सापडली याचा अर्थ त्याला जागा माहीत होती, एवढंच सिद्ध झालं. ती त्यानं नेली का, कधी नेली, याबद्दल पिंपं काहीच बोलत नाहीत. आणि मुसाफिरखान्याच्या त्या उघड्या आवारात कुणीही येऊ-जाऊ शकत होतं. आरोपी सुटला.

हे वाचून बहुतेकांचा पहिला उद्गार असतो, 'अहो, पण त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं ना!' मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं. पण कायद्याची भूमिका विलक्षण आहे. ठाण्याच्या चार भिंतींत माणूस काय बोलला यावर विश्वास ठेवायला कायदा तयारच नाही. त्याच्या बोलण्याला बाहेरच्या जगातली एखादी वस्तू जामीन राहिली, तर जेवढ्याला ती जामीन राहील तेवढंच खरं धरायचं.

या विचाराला धार लावणारा निकालही एका अर्थानं मुंबईचाच आहे. गुंटूर भागातल्या एका खुनाच्या प्रकरणात, आरोपींच्या सांगण्यावरून गवताच्या गंजीत लपवलेली हत्यारं सापडली होती. अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं. १९४७ सालच्या निकालपत्रांच्या खंडात छापलेला हा निकाल लिहिला सर जॉन ब्यूमाँट यांनी, जे १९३० ते १९४३ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी एक साधासा मुद्दा मांडला. आरोपी म्हणतो, 'घराच्या छपरात दडवलेला सुरा मी काढून देतो.' पोलीस जातात, सुरा मिळतो. आता यात 'शोध' कशाचा लागला? सुऱ्याचा नव्हे, सुरे जगात फार पूर्वीपासून आहेत. शोध लागला तो या गोष्टीचा, की त्या छपरात सुरा आहे आणि या माणसाला ते ठाऊक आहे. जागा आणि जाणीव. 'याच सुऱ्यानं मी अमक्याला भोसकलं' असं त्यानं पुढे जोडलं, तर ते शब्द गळून पडतात, कारण भोसकणं काही छपरात सापडलेलं नाही. तो सुरा खुनाचाच होता हे रक्ताच्या डागांनी, डॉक्टरांच्या साक्षीनं वेगळं सिद्ध करावं लागतं. कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचूनही जे उमगत नाही ते या एका छपरातल्या सुऱ्यानं उमगतं. आजही खालच्या कोर्टात याच निकालाचं नाव घेऊन वकील भांडतात.

ठाण्यात हे सगळं कसं घडतं? अटक झाल्यावर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तिथे पोलीस कोठडी मागितली जाते. कोर्टाच्या आवारातल्या बोलीत 'पीसीआर'. तिची एकूण मर्यादा १५ दिवस. या दिवसांत विचारपूस होते. साक्षीदारांचे जबाब तपासी अंमलदार लिहून घेतो, पण त्यांवर देणाऱ्याची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे. आरोपी काही दाखवायला तयार झाला, की दोन पंच बोलावले जातात. त्यांच्यासमोर तो बोलतो आणि निवेदन पंचनामा लिहिला जातो. कोर्टकचेरीत याला 'मेमोरंडम' म्हणतात. 'मी गुन्ह्यात वापरलेला कोयता लपवून ठेवला असून तो काढून देतो, माझ्यासोबत चला' अशा धर्तीचं वाक्य त्यात असतं. मग सगळे गाडीत बसतात. रस्ता आरोपीनं सांगायचा, पोलिसांनी नव्हे. तो म्हणेल तिथे गाडी थांबते, तो पुढे चालतो, बाकीचे मागे. वस्तू मिळाली की जप्ती पंचनामा, मोहोरबंद पाकीट, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी.

यातली एकेक पायरी निखळली की अख्खा डोलारा कोसळतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं की आरोपीचे नेमके शब्द साक्षीत यायला हवेत आणि तो बोलण्याआधीपासून पंच हजर हवेत. आरोपीनं आधीच सगळं ओकल्यावर पंचांना बोलावून 'हे घ्या, सही करा' असं चालणार नाही. 'आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार हस्तगत केले' एवढ्या मोघम वाक्यानंही भागत नाही. कारण त्याचा शब्दच नसेल, तर न्यायाधीशानं कापायचं काय?

जागा माहीत असण्याची कारणंही तीन असू शकतात. वस्तू आपणच लपवली, दुसऱ्याला लपवताना पाहिलं, किंवा कुणाकडून तरी ऐकलं. महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात, आरोपीनं दाखवलेल्या जागी मृतदेह सापडला होता. सर्वोच्च न्यायालयानं या तीन शक्यता मांडल्या आणि म्हटलं की दुसरी किंवा तिसरी शक्यता खरी असेल तर ती सांगणं आरोपीच्याच हातात होतं. त्यानं न्यायालयाला ती सांगितली नाही, तेव्हा पहिली धरायला हरकत नाही. मुसाफिरखान्यातल्या पिंपांना लागलेलं माप इथे लागलं नाही. दोन्ही निकाल मला आपापल्या जागी पटतात, आणि त्यांच्यामधल्या फटीत फौजदारी वकिलांची हयात जाते.

आता मूळ प्रश्न. बोललेल्या शब्दावर एवढा अविश्वास कशासाठी? मारहाण नसेल, तर निरपराध माणूस 'मी केलं' असं कशाला म्हणेल?

१९९६ साली सॉल कॅसिन आणि कॅथरीन किकेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरं टंकायला बसवलं आणि बजावलं, 'ऑल्ट' कळीला हात लावू नका, सगळी माहिती उडेल. थोड्या वेळानं संगणक आपोआप बंद पडला. तशी योजनाच होती. प्रयोगकर्ता विद्यार्थ्यावर डाफरला, 'दाबलीस ना कळ?' कुणीच दाबलेली नव्हती. तरी ६९ टक्के विद्यार्थ्यांनी कबुलीच्या कागदावर सही केली. २८ टक्क्यांना आपणच दाबली असं खरोखर वाटू लागलं. बाहेर भेटलेल्या परक्या माणसालाही त्यांनी तसंच सांगितलं. ९ टक्क्यांनी तर कळ कशी दाबली गेली याचा तपशीलही रचला. ज्यांना भराभर टंकायला लावलं होतं आणि शिवाय 'मी पाहिलं तुला दाबताना' म्हणणारा खोटा साक्षीदार समोर उभा केला होता, त्या गटात सही शंभरातल्या शंभरांनी केली. कुणी हात उगारला नव्हता. कोठडी नव्हती, उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त घाई, आणि खात्रीनं बोलणारा एक माणूस.

यावर कुणी म्हणेल, खोट्या कबुलीत तपशील नसतील, तिथे पकडता येईल. तेही खरं नाही. कायद्याचे अमेरिकन प्राध्यापक ब्रँडन गॅरेट यांनी डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या, पण आधी कबुली दिलेल्या ४० जणांची कागदपत्रं तपासली. दोघे सोडून बाकी सगळ्यांच्या कबुलीत गुन्ह्याचे बारीक आणि अचूक तपशील होते, खऱ्या गुन्हेगारालाच माहीत असावेत असे. जे त्यांनी केलंच नव्हतं त्याचे तपशील आले कुठून? प्रश्नांतूनच. 'मागच्या दारानं शिरलास ना?' या प्रश्नात मागचं दार फुकट मिळतं. घटनास्थळाचा फोटो दाखवला की पडद्याचा रंगही मिळतो. तास जातात, माणूस थकतो आणि विचारणाऱ्याच्याच तोंडची माहिती त्याच्या तोंडून परत बाहेर पडते. विचारणाऱ्याला ती पुराव्यासारखी वाटते, आणि बहुतेक वेळा तो प्रामाणिकच असतो!

चेहऱ्यावरून खोटं ओळखण्याचं म्हणाल, तर ते कौशल्य जवळपास कुणापाशीच नाही. २००६ साली बाँड आणि डिपाउलो या संशोधकांनी या विषयावरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र केले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. नजर चोरणं, घाम, चुळबुळ ही भीतीची लक्षणं आहेत, आणि ठाण्यात भीती सगळ्यांनाच वाटते. मराठेशाहीत साक्षीपुराव्यानं वाद मिटला नाही की दिव्य करावं लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा ते रवादिव्य. मग हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी उघडून फोड पाहायची. तेव्हा शरीराला साक्षीला बोलावत. घाम पाहून 'हाच तो' म्हणणारा आजचा अंमलदार त्याच वाटेवर उभा आहे.

मग विचारावं तरी कसं? इंग्लंडला याचं उत्तर शोधणं भाग पडलं. १९७४ च्या गिल्डफर्ड बाँबस्फोटात चौघांनी कबुली दिली, जन्मठेप झाली आणि १५ वर्षांनी, १९८९ मध्ये, शिक्षा रद्द होऊन ते सुटले. त्यानंतर १९९२-९३ च्या सुमारास तिथल्या पोलिसांना 'पीस' नावाची पद्धत शिकवायला सुरुवात झाली. कबुली मिळवणं हे तिचं उद्दिष्टच नाही. आधी माणसाला त्याची हकीकत सलग सांगू द्यायची, मध्ये तोडायचं नाही. सगळ्यात शिकण्यासारखा भाग म्हणजे हातातलं पान कधी टाकायचं.

समजा, पुण्यातला एक संशयित म्हणतो, 'त्या रात्री मी घरीच होतो.' अंमलदाराच्या हातात त्याच्या गाडीची खालापूर टोलनाक्यावरची रात्रीची फास्टॅग नोंद आहे. उतावळा अंमलदार ती लगेच तोंडावर फेकतो, आणि संशयित क्षणभर थांबून म्हणतो, 'हां, गाडी भाऊ घेऊन गेला होता.' संपलं. शिकलेला अंमलदार नोंदीचं नावच काढत नाही. गाडी कोण कोण चालवतं, चावी कुठे असते, त्या आठवड्यात कुणाला दिली होती का, असं निवांत विचारत जातो. संशयित स्वतःच सांगतो की गाडी दुसऱ्या कुणाला देतच नाही. सगळं सांगून झालं की मग नोंद पुढे येते. आणि माणूस खरोखर निर्दोष असेल, तर भावानं गाडी नेल्याचं तो दडपण नसताना आपणहून सांगून मोकळा होतो. एकाच प्रश्नावलीतून खोटा अडकतो आणि खरा सुटतो. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा कुणीतरी बुद्धिबळातली सुंदर चाल दाखवावी तसं वाटलं.

कबुली द्यायचीच असेल, तर आपल्या कायद्यानं एक वाट ठेवली आहे, दंडाधिकाऱ्यापुढची. तिथे पोलीस खोलीत नसतात. दंडाधिकारी सांगतो की तुझ्यावर कसलीही सक्ती नाही आणि जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. विचार करायला वेळ दिला जातो, प्रघातानं साधारण २४ तास. आणि आरोपीनं ऐनवेळी 'नाही बोलायचं' म्हटलं, तर त्या नकारापायी दंडाधिकाऱ्याला त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही.

या शहाणपणाला अपवाद करण्यात महाराष्ट्र मात्र पुढे आहे. आधी केंद्राच्या दहशतवादविरोधी टाडा कायद्यात, मग १९९९ च्या आपल्या संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्यात, अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली गेली. मोक्काचं ते कलम १८ आजही आहे. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बाँबस्फोटांच्या खटल्यात अशा कबुल्यांना मोठं स्थान होतं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्या कबुल्या स्वेच्छेच्या आणि विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालयाचं मत पडलं. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत धाडलं नाही.

अर्थात वस्तूही खोटं बोलू शकते, हे सांगितलंच पाहिजे. कोयता आधी ठेवून मग 'काढून देता' येतो. पंच ठाण्यातले नेहमीचेच असू शकतात, किंवा कोर्टात येऊन फितूर होतात. म्हणून नव्या कायद्यानं झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं केलं. पण जप्तीच्या वेळी कॅमेरा सुरू झाला, तरी खरी गोष्ट त्याआधी घडून गेलेली असते: ठाण्यातल्या खोलीत, 'सुरा कुठे ठेवलास' आणि उत्तर यांच्या दरम्यान. त्या खोलीसाठी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, चौकशीच्या खोल्याही सुटता कामा नयेत आणि चित्रण १८ महिने जपून ठेवावं. ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष. लोकल स्फोटांच्या खटल्यात पहिला निकाल यायला नऊ वर्षं लागली होती. तेव्हा कुणाला ते चित्रण पुरावा म्हणून हवं असेल, तर खटल्याची तारीख लागण्याची वाट न पाहता ते राखून ठेवण्याचा अर्ज लगेच करायला हवा.